बजेट आरजीबी फॅन: लाइट बघून नाही, हिशोब करून घ्या



पीसी असेंबल करून विकायचा धंदा सुरू करू बघणारे बहुतेक जण प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठून, एसएमपीएस किती वॅटचा, याची चौकशी अगदी खोलात जाऊन करतात. फॅनचा विषय आला की म्हणतात, “ते काय, तीनचा सेट टाकू, लाइटवाला. गिऱ्हाइकाला आवडतो.”

गिऱ्हाइकाला आवडतो हे खरंच आहे. काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत लाइट फिरली की मशीन निम्मं तिथंच विकलं जातं. पण जरा विचार करा. एसएसडी आल्यापासून कॉम्प्युटरमध्ये हलणारी, फिरणारी वस्तू एकच उरली, ती म्हणजे फॅन. आणि जे फिरतं ते झिजतं. प्रोसेसर सीलबंद डब्यात येतो, त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि तो सहसा बिघडत नाही. सहा महिन्यांनी जो फोन येतो तो असा असतो: “दादा, कॅबिनेटमधून घरघर आवाज येतोय.” किंवा, “तीनपैकी एका पंख्याची लाइट गेली.”

गिऱ्हाईक तेव्हा “अमुक कंपनीचा फॅन खराब निघाला” असं म्हणत नाही. “त्यांच्याकडून घेतलेला पीसी खराब निघाला” असं म्हणतं. चाळीस-पन्नास हजारांच्या मशीनमधली हजार-दीड हजारांची वस्तू तुमचं नाव ठरवते. म्हणून आज फक्त फॅनवर बोलू. व्हिडिओत वेळ कमी असतो, इथे आकडेमोडीसकट सगळं सविस्तर लिहितो.

फॅनचं काम नेमकं काय?

फॅन हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. बाहेरची हवा आत घेतो, आतली गरम हवा बाहेर टाकतो. त्यामुळे कॅबिनेटच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा खाली कधीच जाणार नाही, मग तुम्ही तीन फॅन लावा नाहीतर नऊ. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या आसपास पारा असतो. तिथल्या बिनएसीच्या खोलीत ठेवलेल्या मशीनची गोष्ट वेगळी, आणि पुण्यातल्या फ्लॅटमधल्या मशीनची वेगळी. रत्नागिरी-मालवणकडे उष्णतेपेक्षा दमट, खारी हवा त्रास देते.

साध्या ऑफिसच्या मशीनला पुढून एक फॅन हवा आत घेणारा आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. ग्राफिक्स कार्ड असेल तर पुढे दोन, मागे एक. त्यापुढे फॅन वाढवले तर लाइट वाढते, गारवा फारसा वाढत नाही. आणि कॅबिनेटची पुढची बाजू पूर्ण काचेची, हवेला वाट नसलेली असेल, तर महागडा फॅनसुद्धा काही करू शकत नाही. आधी जाळीवालं कॅबिनेट निवडा, मग फॅनचा विचार करा.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

साइज बहुतेक वेळा १२० मिलिमीटर असते, जाडी २५ मिलिमीटर. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर. मोठ्या कॅबिनेटला १४० मिलिमीटरचा फॅनही बसतो. घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीत बघून घ्या.

आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा सीएफएमचा आकडा फॅनसमोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये जाळी आहे, धुळीचा फिल्टर आहे, म्हणजे प्रत्यक्षात हवा कमीच मिळणार. अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद ‘स्टॅटिक प्रेशर’ या आकड्यात दिसते. स्वस्त फॅनच्या डब्यावर हा आकडा नसतोच बऱ्याचदा. आकडा नाही, हीसुद्धा एक माहिती आहे.

आता फेकाफेकी कशी ओळखायची ते सांगतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिलिमीटरचा नावाजलेला, महागडा फॅन. त्याच्यावर एकही लाइट नाही. हा फॅन २००० आरपीएमला सुमारे ६० सीएफएम हवा देतो, असं कंपनी सांगते. आर्क्टिक कंपनीचा पी१२ हा स्वस्तातला चांगला समजला जाणारा फॅन १८०० आरपीएमला साधारण ५६ सीएफएम सांगतो. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. मग चारशे रुपयांच्या लाइटवाल्या फॅनच्या डब्यावर “१२०० आरपीएम, ८० सीएफएम” असं छापलेलं दिसलं, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये असतो, आणि इथे साधी बेरीज चालत नाही. एकसारखे दोन फॅन लावले की आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो, तीन लावले की जवळपास ५ ने. म्हणजे डब्यावर २५ डेसिबल लिहिलेले तीन फॅन मिळून ३० च्या घरात जातात. उलट बाजूनं बघा. फॅनचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून ज्या फॅनचा वेग कमी-जास्त करता येतो, तो घेण्यात शहाणपण आहे. कायम फुल स्पीडवर पळणारा फॅन रात्री अभ्यास करणाऱ्या पोराच्या खोलीत चालत नाही.

बेअरिंग: न दिसणारी, पण टिकवणारी गोष्ट

सगळ्यात स्वस्त असतं स्लीव्ह बेअरिंग. साध्या नळीत दांडी फिरते, मध्ये तेलाचा थर. नवं असताना एकदम शांत. पण उष्णतेनं तेल आटतं आणि घरघर सुरू होते. कॅबिनेटच्या छतावर आडवं लावलं तर अजून लवकर. रायफल आणि हायड्रॉलिक हे त्याच जातीतले सुधारलेले प्रकार, यांत तेल जास्त वेळ टिकतं. बॉल बेअरिंग आडवं-उभं कसंही चालतं आणि उष्णता सोसतं, पण थोडा आवाज करतं.

अडचण ही की ‘हायड्रॉलिक’ हा शब्द डब्यावर छापायला पैसे लागत नाहीत. म्हणून शब्दावर जाऊ नका, वॉरंटी बघा. कंपनी स्वतःच सहा महिन्यांपुढे हमी द्यायला तयार नसेल, तर त्यातून काय ते कळतं.

आयुष्याचा आकडाही तपासा. समजा ३०,००० तास लिहिलेत. घरी रोज ८ तास वापर असेल तर ही दहा वर्षं झाली. पण गेमिंग कॅफेत रोज १६ तास चालणार असेल तर पाचच वर्षं. आणि तेही तापमान आटोक्यात असेल तर. एकच फॅन एका गिऱ्हाइकाला चालेल, दुसऱ्याला नाही चालणार.

वायर आणि कनेक्टर: इथे घाई केली तर मोठा फटका

हा भाग दोनदा वाचा.

लाइटवाल्या फॅनला दोन वेगळी कामं असतात, पंखा फिरवणं आणि लाइट लावणं. पंख्याचं कनेक्टर तीन पिनचं असतं किंवा चार पिनचं. चार पिनवाला पीडब्ल्यूएम, म्हणजे मदरबोर्ड त्याचा वेग नीट सांभाळतो. तीन पिनवाल्याचाही वेग व्होल्टेज कमी करून बदलता येतो, पण फार खाली आणला तर काही फॅन सुरूच होत नाहीत. आणि जो फॅन थेट एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरला लागतो, तो सहसा कायम फुल स्पीड.

लाइटचे प्रकार बघा. साधी आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट, चार पिन, सगळ्या लाइट एका वेळी एकाच रंगाच्या. एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट, तीन पिन आणि मध्ये एक जागा रिकामी, यात प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा करता येतो. तिसरा प्रकार फिक्स लाइटचा: पंखा सुरू झाला की लाइट सुरू, बदल काही नाही.

५ व्होल्टची एआरजीबी वायर १२ व्होल्टच्या हेडरवर लावली तर एलईडी जळतात, मदरबोर्डलाही इजा होऊ शकते. चांगल्या कनेक्टरमध्ये रिकाम्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे ते चुकीच्या जागी बसत नाही. स्वस्तातल्यात जोर लावला तर बसतंही. म्हणून नियम करा: मदरबोर्डवर काय छापलंय ते टॉर्च मारून वाचल्याशिवाय लाइटची वायर लावायची नाही. कामाला पोरगा ठेवलात तर पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवा.

आता तीन फॅन, एक हब आणि एक रिमोट, असा जो सेट स्वस्तात मिळतो, त्याचं बघू. यात बऱ्याचदा सहा पिनचं त्या कंपनीचं स्वतःचं कनेक्टर असतं. एक फॅन गेला तर दुसऱ्या कंपनीचा लागत नाही. ते मॉडेल बाजारातून गेलं असेल तर तीनशेच्या फॅनसाठी अख्खा सेट बदलावा लागतो, आणि तोही तुमच्या खिशातून. काही सेटचा रिमोट रेडिओवर चालतो आणि जोडी बांधलेली नसते. गेमिंग कॅफेत असे दहा पीसी दिलेत की एक बटण दाबल्यावर दहाही मशीनचे रंग बदलतात.

अजून एक. मदरबोर्डच्या एका फॅन हेडरवर साधारण १ अँपिअरपर्यंतच भार चालतो. स्प्लिटर लावून तीन फॅन जोडायचे असतील तर प्रत्येकाच्या पाठीवरचा अँपिअरचा आकडा वाचा आणि बेरीज करा. ०.३ चे तीन म्हणजे ०.९, इथवर ठीक. चौथा नको.

एक-एक नग आणा आणि तपासा

दहा सेटची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन मॉडेलचा एकेकच नग आणा. त्यावर हे करा:

१. हातात घेऊन पातं हळूच फिरवा. अडखळतं का? दांडीला खालीवर हेलकावा आहे का? वायर फ्रेममधून बाहेर येते तिथं पक्की आहे का?

२. फॅन उभा, आडवा आणि उलटा धरून प्रत्येकी पाच मिनिटं चालवा. कान जवळ नेऊन ऐका. हवेचा सूं-सूं आवाज चालतो. टिक-टिक किंवा खर-खर आली तर तो नग बाद.

३. बायोसमध्ये वेग ३०-४० टक्क्यांवर आणून मशीन बंद-चालू करा. फॅन प्रत्येक वेळी स्वतःहून फिरायला लागतो का, ते बघा.

४. फॅन कॅबिनेटच्या जाळीमागे लावा आणि बाहेर उदबत्ती धरा. धूर आत ओढला जातोय की जाळीपाशीच घुटमळतोय? स्टॅटिक प्रेशर समजून घ्यायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. उदबत्ती मिनिटभरच धरा आणि राख पडू देऊ नका.

५. खोलीचं तापमान लिहा. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर लावून अर्धा तास रेंडरिंग चालवा. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान, हा आकडा वहीत लिहा. नुसतं “७५ डिग्री” लिहून उपयोग नाही, कारण सकाळची खोली आणि दुपारची खोली वेगळी असते. कॅबिनेट तेच, आरपीएम शक्य तितके सारखे, फक्त फॅन बदला. तरच तुलना खरी.

६. लाइट पांढऱ्या रंगावर लावा. लाल-निळा सगळेच बरे दाखवतात, खरी परीक्षा पांढऱ्याची. एक फॅन गुलाबीसर आणि दुसरा निळसर दिसला तर काचेतून ते ठळक दिसणार. मोबाइलचा कॅमेराही समोर धरा. व्हिडिओत जाड पट्टे पळताना दिसले तर स्ट्रीमिंग करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो फॅन देऊ नका.

७. शेवटी सात दिवस सलग चालू ठेवा. १६८ तासांत कच्चा माल बऱ्याचदा आपला रंग दाखवतो.

हे सगळं मिळून खर्च किती? तीन फॅनचे हजारभर रुपये आणि आठवडाभराची वीज. एक फॅन सहसा दोन-तीन वॅटच खातो, विजेचा प्रश्नच नाही.

आता खरा हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या बाजारातले तुम्ही घाला.

समजा ‘अ’ सेट ९०० रुपयांना, ‘ब’ सेट १,३०० ला. फरक ४००. दहा मशीनमागे फरक ४,०००.

आता ‘अ’ ची एक तक्रार आली तर खर्च किती? गिऱ्हाइकाकडे जाणं-येणं, पेट्रोल, तुमचा अर्धा दिवस, धरू ५०० रुपये. वॉरंटी मिळाली नाही तर नवा सेट ९०० रुपये. एकूण १,४००.

भागाकार करा. ४०० भागिले १,४०० म्हणजे साधारण २९ टक्के. याचा अर्थ, ‘ब’ पेक्षा ‘अ’ च्या तक्रारी शंभरात २९ ने जास्त येत असतील, तरच रुपयांच्या हिशोबात ‘ब’ परवडतो. दहात एखादीच तक्रार जास्त येत असेल तर वहीत ‘अ’ स्वस्तच पडतो.

चकित झालात ना? “महाग घ्या, चांगलं घ्या” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आकडा काय सांगतो ते आधी ऐकायला हवं. फरक ४०० ऐवजी १५० रुपयांचा असेल तर तोच भागाकार ११ टक्क्यांवर येतो, आणि मग निर्णय पालटू शकतो. गिऱ्हाईक चाळीस किलोमीटरवर असेल तर एका फेरीचा खर्च दुप्पट होतो, तेव्हाही पालटू शकतो. म्हणून हे सूत्र पाठ करा: किमतीतला फरक भागिले एका तक्रारीचा खर्च.

आता या सूत्रात न बसणाऱ्या दोन गोष्टी. एक, नाराज गिऱ्हाईक पुढची दोन गिऱ्हाइकं आणत नाही. सुरुवातीच्या वर्षात तुमची जाहिरात म्हणजे हीच माणसं. दोन, हा ४०० चा फरक तुम्हीच सोसला पाहिजे असं कुठं लिहिलंय? ४५,००० च्या मशीनमध्ये तो एक टक्काही नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं तर बहुतेक जण देतात.

खरेदी, बिल आणि वॉरंटी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, ही मोठी बाजारपेठ. कनेक्टर, स्प्लिटर, वायर वगैरेंसाठी पुण्याची तपकीर गल्ली. भाव ऑनलाइनही बघा, पण भाव विचारताना सोबत तीन प्रश्न विचारा: वॉरंटी कोण देणार, तुम्ही की कंपनी? एक फॅन गेला तर एकच बदलून मिळतो की सेट परत पाठवायचा? आणि पाठवणीचा खर्च कोणाचा?

पक्कं बिल घ्या. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी असतो. समजा पक्क्या बिलाचा सेट १,१८० ला आणि बिनबिलाचा १,०५० ला मिळतोय. तुमचा नियमित जीएसटी नंबर असेल तर १८० चं क्रेडिट मिळतं, म्हणजे पक्का माल १,००० लाच पडला. बिनबिलाचा ५० रुपये महाग, आणि वॉरंटीही हातची गेली. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर मात्र क्रेडिट मिळत नाही, तेव्हा हिशोब वेगळा धरा. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकायचा तर लागते. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

“फॅन आमचा नाही, कंपनीचा आहे” असं म्हणून हात झटकता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष मालाची तक्रार गिऱ्हाईक विकणाऱ्याविरुद्धही करू शकतो. त्यामुळे बिलावर फॅनचं मॉडेल आणि वॉरंटीचे महिने वेगळे लिहा. तोंडी काही ठेवू नका. दर दहा सेटमागे एक सेट स्वतःकडे राखीव ठेवा. आणि त्याच मॉडेलचा नवा लॉट आला की पुन्हा एक नग तपासा, कारण डबा तोच राहतो आणि आतलं बेअरिंग बदलतं, असंही होतं.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?

तीन पर्याय समोर ठेवा. “साहेब, लाइट नको असेल तर याच पैशात जास्त हवेचा, शांत फॅन देतो. लाइट हवी असेल तर हा सेट, वॉरंटी एक वर्ष. आणि अगदी बजेटमध्ये बसवायचं असेल तर हा स्वस्तातला, पण याला वॉरंटी सहाच महिने, आणि एक गेला तर सेट बदलावा लागेल.” एवढं सरळ बोललात की गिऱ्हाईक स्वतः निवडतं. स्वतः निवडलेल्या वस्तूची तक्रार घेऊन आलं तरी भांडायला येत नाही.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात मिळणारे तीन बजेट आरजीबी सेट निवडा. प्रत्येकासमोर किंमत, कनेक्टरचा प्रकार, बेअरिंग, वॉरंटीचे महिने आणि सुटा फॅन मिळतो की नाही, हे लिहा. मग तुमच्या गावापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या एका फेरीचा खर्च काढा आणि वरचा भागाकार करा.

फॅन छोटी वस्तू आहे, म्हणूनच सुरुवात तिच्यापासून करा. हीच पद्धत उद्या एसएमपीएसला लागू होईल, परवा मॉनिटरला. पैसे बुडाले तरी हजारभरच बुडतील, आणि हिशोब करायची सवय मात्र कायमची लागेल.

भेटूया पुढच्या भागात. कामाला लागा!